हात चालतो

कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन लांब पाय फुटावेत तसलं ते पारदर्शक प्लास्टिक, मधोमध पितळी खिळा, एका पायावर कधीतरी सांडलेल्या शाईचा निळा डाग – तो डाग आता बरोबर तिच्या कोपराच्या आतल्या घडीवर येऊन टेकला आणि सरिताच्या अंगावर काटा आला, पण आला तो डाव्या हातावर, ज्याला कुणी शिवलंही नव्हतं. उजव्यावरची कातडी मांडीवरून काढून आणलेली, तिला काट्याबिट्याचं काही कळत नाही. डॉक्टर खिळ्यावर डोळे रोखून वाकले होते. त्यांचे मधोमध विरळ होत चाललेले केस तिला दिसत होते आणि उगाचच वाटत होतं की हा माणूस डोक्याला तेल लावत नसणार.

‘सरळ करा. अजून. जाईल तितका जाऊ द्या... दुखतं?’

दुखतं का – हा प्रश्न गेल्या दोन वर्षांत तिला इतक्या जणांनी विचारला होता, आणि दर वेळी तिला वाटायचं, यांना दुखणं म्हणजे नेमकं काय हवं आहे ते आधी सांगावं. ठणका? तो आता नाही. आग? ती उन्हात होते, चुलीच्या जवळपास फिरकलं तरी होते, बसच्या खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याने होते, इथे होत नाही. खाज तर अशी की झोपेतून उठून भिंतीला दंड घासावा... आणि या सगळ्याच्या खाली ती ओढ, दिवसभराची, कातडी अंगाला पुरतच नसल्यासारखी, लहान मुलाला गेल्या वर्षीचा सदरा घातला की तो जसा काखेत धरतो तशी. ‘ओढ बसते,’ ती म्हणाली. डॉक्टरांनी मान हलवली, मागे न बघता एक आकडा सांगितला, आणि पलीकडच्या टेबलावरच्या बाबूने तो टाइप केला. ओढ त्याने टाइप केली नाही. तिने मान लांबवून पाहिलंसुद्धा – पडद्यावर नुसते चौकोन होते, आणि एकेका चौकोनात दोन आकडे मावतील एवढीच जागा.

आणि खोली गार होती. हीच तर खरी चलाखी, तिला मागाहून वाटलं, पण त्या वेळी नुसतं बरं वाटलं – एवढं बरं की लाज वाटावी. सकाळपासून बाहेरच्या व्हरांड्यात, जिथे एकुलता एक कूलर होता आणि त्याचं तोंड शिक्के मारायच्या खिडकीकडे वळवलेलं होतं, तिथे बसून तिचं डोकं भणभणायला लागलं होतं. त्या आणलेल्या कातडीला घाम येत नाही, एक थेंब नाही, आणि नागपूरच्या मे महिन्यात दंडाला, मानेला, कुशीला घामच येऊ नये म्हणजे काय होतं ते ज्याला कळून घ्यायचं असेल त्याने अंगाला प्लास्टिक गुंडाळून भर दुपारी इतवारीच्या बाजारातून एक चक्कर मारून यावी... मग आतून नाव पुकारलं गेलं, दार उघडलं, आणि आत हा हिवाळा. खाज थांबली. आग थांबली. मान मोकळी झाली. दोन मिनिटांत सरिता बरी झाली, आणि नेमकं त्या बऱ्या झालेल्या बाईला ते मोजायला लागले.

चाळीस हवे होते. चाळीस टक्के लिहिलेलं प्रमाणपत्र असलं तर मुलींच्या एका वसतिगृहात सामानाच्या कोठीवर जी जागा निघाली आहे तिच्यासाठी अर्ज करता येणार होता – दिव्यांगांसाठी राखीव जागा, जितेंद्रने शोधून आणलेली. जितेंद्र म्हणजे तिचा नवरा, कोराडीच्या वीजकेंद्रातल्या राखेचा ट्रक चालवतो, मोबाइलवर जाहिराती वाचतो आणि बोलत फारसा नाही. कोठी सावलीत. तांदूळ, डाळ, साबण मोजून द्यायचे, किल्ल्या सांभाळायच्या. विस्तवाशी संबंध नाही. हे काम तिला डोळे मिटून करता आलं असतं, आणि करता येतं म्हणून कुणी तिला ते देणार नव्हतं. आधी तिने सिद्ध करायचं की आपल्याला काम करता येत नाही, निदान चाळीस टक्के तरी येत नाही, आणि मग ते म्हणणार, बरं, असं असेल तर या कामाला. ही अट कुणाच्या डोक्यातून निघाली असेल... तो माणूसही एसीतच बसत असणार.

‘खांद्याच्या पातळीला न्या. बाजूने.’

बाजूने. बाजूने नेताना मानेपासून दंडापर्यंतची ती जाड दोरी ताणली जाते आणि तोंड आपोआप उजवीकडे ओढलं जातं. तिने तोंड सरळ ठेवलं. का ठेवलं? सवय. दोन वर्षं आरशासमोर उभं राहून केलेली सवय, की हात उचलताना चेहरा वाकडा होऊ द्यायचा नाही, लोक बघतात. इथे वाकडा केला असता तर काय बिघडलं असतं, उलट... पण ते सुचलं नाही. सरकारी माणसासमोर नीट उभं राहावं एवढंच सुचलं.

बाबूने पहिला प्रश्न विचारला होता तो तिच्याकडे न बघता. ‘अ‍ॅसिड?’

‘नाही. चूल.’

‘अ‍ॅसिडचा कॉलम वेगळा आहे म्हणून विचारून राहिलो. साध्या भाजल्याले कॉलम नाही. ते हातात टाकतो आपण. हात हलते किती, त्याच्यावर.’ मग थोडं थांबून, आवाज खाली आणून: ‘स्वतःहून की घरच्याईनं?’

साधं भाजलं. एक क्षण – आणि त्या क्षणाची तिला आत्ता, हात हवेत धरून उभी असताना, किळस आली – एक क्षण तिच्या मनात आलं होतं की अ‍ॅसिड असतं तर बरं होतं. कुणीतरी, कुणाही मवाल्याने रस्त्यात गाठून अंगावर ओतलं असतं तर आज मला नाव असलेला कॉलम मिळाला असता. ज्या पोरींवर ते ओतलं गेलं त्यांच्या नशिबाचा हेवा करायची पाळी आणली मेल्यांनी माझ्यावर. कातडी तीच, जळली तीच, ओढते तशीच, पण कशाने जळली ते विचारून मग ठरवणार तिला काही झालं आहे की नाही.

आणि तो दुसरा प्रश्न. तो तर पाठ झाला होता. पहिल्यांदा विचारला तो वॉर्डात, ती गुंडाळलेली पडली असताना, एका महिला पोलिसाने, सासूला बाहेर काढून, दार लोटून: घाबरू नका, कुणी काही करत नाही, खरं सांगा. तिने खरं सांगितलं. मडकं फुटलं. लग्नाची मोठी ऑर्डर होती, चुलीवरचं मडकं नवं, त्याला पुरती धग बसायच्या आत मी घाई केली, ते फुटलं, टवका उडाला, जाळ वर आला, पदर नायलॉनचा होता. पुन्हा विचारलं. पुन्हा मडकं फुटलं. सरिताला त्या बाईचा रागही धरता येत नव्हता, कारण शेजारच्या खाटेवर एक कोवळी पोरगी होती जी छताकडे बघत सगळ्यांना स्टो भडकला म्हणून सांगायची, आणि भेटीच्या वेळी तिची सासू आली की तिचे पाय थरथरायचे. विचारावंच. हजारदा विचारावं. पण उत्तर मिळाल्यावर ते ऐकावंही ना एकदा.

सासूने, रुखमाबाईंनी, ते ऐकलं होतं, दाराबाहेर उभं राहून. त्यांनीच कणकेच्या परातीतलं पाणी तिच्या अंगावर ओतलं होतं, गोणपाट टाकून तिला लोळवलं होतं, त्यांच्या स्वतःच्या दोन बोटांची नखं अजून सरळ उगवत नाहीत. आणि तेव्हापासून प्रत्येक ऑफिसात, प्रत्येक खिडकीवर ‘ही कोण? सासू? अच्छा...’ या अच्छानंतरची ती नजर त्यांनी झेलली, काही महिने झेलली, आणि मग एक दिवस म्हणाल्या, ‘तू जाय आत, मी फाटकापाशी बसतो. माह्यानं तुझं काम बिघडते.’ आजही त्या फाटकापाशीच आहेत. कडुनिंबाखाली, ओला पंचा घेऊन, सुनेला बाहेर आल्यावर मानेवर टाकायला.

आणि हा हात – ज्याच्या भोवती डॉक्टर आता ते प्लास्टिक घेऊन फिरत आहेत – हा हात त्यांचाच म्हणायचा. वॉर्डातून सोडताना सांगितलं होतं की रोज ओढला नाही तर दंड कुशीला चिकटून बसेल, मग कुणाच्या बापाला सुटणार नाही. तेव्हापासून रोज पहाटे खोबरेल तेल कोमट करून रुखमाबाई पुढ्यात बसतात, अंगठ्याने दाबत दाबत खांद्यापासून मनगटापर्यंत उतरतात, मग तिचा हात स्वतःच्या खांद्यावर घेतात आणि हळूहळू उठून उभ्या राहतात... सुरुवातीला ती ओरडायची, शिव्या द्यायची, चक्क सासूला शिव्या, आणि रुखमाबाई म्हणायच्या, दे, अजून दे, पण हात नको ओढू मागं. महिनोन् महिने. शेजारच्या बायका भिंतीपलीकडून ऐकायच्या आणि त्यांनाही वाटायचं की बघा, अजून मारते. आज तर सकाळी रोजच्यापेक्षा जास्त वेळ, तेलही जास्त, कारण साहेबापुढे जायचं आहे, हात कसा मऊ दिसला पाहिजे, घरच्यांनी लक्ष दिलं नाही असं वाटायला नको. सरिताही मुकाट बसली होती. पाहुण्यांपुढे जाताना पोरीची वेणी घालतात तसा हात करून घेतला आणि आली.

‘पूर्वी काय करत होता?’ डॉक्टरांनी विचारलं. फॉर्ममधला प्रश्न असावा, कारण ते अजून मनगटाकडेच बघत होते.

‘लांब पोळ्या.’

तेव्हा त्यांनी वर बघितलं. पहिल्यांदाच. ‘मडक्यावरच्या? लंबी रोटी? अरे वा... आमच्याकडे काही असलं की तीच लागते हो. पण करताना कधी बघितली नाही मी. ते हातावर कसं खेळवतात, तुटत कसं नाही, मला नेहमी नवल वाटतं.’

दोन वर्षांत पोळीबद्दल कुणी विचारलं नव्हतं. मडकं कसं फुटलं ते सगळ्यांनी विचारलं, मडक्यावर काय व्हायचं ते कुणीच नाही. आणि काय व्हायचं... बाया लांबून बघायला यायच्या. मंडपाच्या मागे चूल, चुलीवर पालथं मडकं, परातीत ती कणीक, इतकी सैल की धड पीठ म्हणवत नाही आणि धड पाणी म्हणवत नाही, भिजवून, आपटून, तार सुटेपर्यंत आपटून ठेवलेली. आणि ती उभी, कोपरापर्यंत बांगड्या मागे सारून. पार तिकडे कुही तालुक्यापर्यंतच्या लग्नांच्या पोळ्या केल्या होत्या तिने. रोशन केटरर लोकांना सांगायचा, मटण कुणाचंही घ्या, पोळी सरिताबाईची पाहिजे.

‘असं असते,’ ती म्हणाली, आणि तिने हात उचलले. ‘गोळा घेतला ना साहेब, की तो दाबायचा नाही, लाटायचा तर नाहीच – त्याले नुसतं सांडू द्यायचं. या हातावरून त्या हातावर. असा. मग तो उतरते खाली, मनगटावरून, आणि आपण हात वर न्यायचा, आणखी वर, कारण पोळी लांब झाली की तिले जागा पाहिजे...’

हात जात होते. डावा, उजवा, डावा, उजवा – मी बघत नव्हते त्यांच्याकडे, कधीच बघायचे नाही, पोळीकडे बघायचं असतं, आणि पोळी होती तिथे, मी सांगते, होती, पातळ, आरपार दिसणारी, उजव्या कोपरावरून घरंगळून डाव्या मनगटावर येणारी, तिचं ते थंड ओलं वजन... उजवा दंड कानापर्यंत गेला. गेला आणि तिला कळलंही नाही की गेला. पहाटे रुखमाबाईंच्या खांद्यावरसुद्धा तो इतका जात नाही. डॉक्टर हसत होते. लहान मुलासारखे, अगदी मनापासून, ते तिला मागाहूनही खोटं वाटलं नाही. आणि मग हसता हसताच त्यांचे डोळे पोळीवरून उठून खांद्यावर गेले.

‘परत करा बरं एकदा,’ ते म्हणाले, आणि त्यांनी टेबलावरचं प्लास्टिक उचललं.

तिला त्याच क्षणी कळलं. अगदी लख्ख. आता हात अर्ध्यात थांबवायचा, आई गं म्हणायचं, खांदा धरून खाली बसायचं – कुणीही बसलं असतं, जिला चाळीस हवेत ती कुठलीही शहाणी बाई बसली असती. पण पोळी हातावर होती. अर्ध्यात थांबलं की पोळी पडते, आणि पडलेली पोळी दहा जणांसमोर मातीतून उचलायची म्हणजे काय, हे तिच्या हातांना माहीत होतं, तिच्यापेक्षा जास्त माहीत होतं... उजवा हात वर गेला, पूर्ण गेला, वाकला, पोळी फिरवली, आणि त्या हवेतल्या मडक्यावर तिने ती अलगद टाकली. सुरकुती न पडू देता. तोवर ते गार प्लास्टिक तिच्या काखेपाशी टेकून उठलंही होतं.

‘खांदा छान आहे,’ डॉक्टर बाबूला म्हणाले. ‘हात चालतो. बदल तो आकडा.’ आणि तिच्याकडे वळून, खरोखरच्या कौतुकाने, ‘मेहनत घेतलीत तुम्ही. असे रुग्ण फार कमी बघायला मिळतात.’

बाबूने बेरीज केली. मशीनच करतं, त्याने नुसतं बटण दाबलं. छत्तीस.

‘साहेब,’ ती म्हणाली, आणि आपला आवाज एवढा शांत कसा याचं तिलाच नवल वाटलं, ‘हे इथं झालं. गारव्यात. चुलीपाशी मी उभी नाही राहू शकत. उन्हात चक्कर येते. या कातडीले घामच नाही येत. चालते म्हणता तर चालते, पण कुठं चालते ते तर पाहा.’

डॉक्टरांनी चष्मा काढला. ‘मला कळतं ताई. तुम्ही म्हणता ते खरं आहे. पण घामाचे टक्के मला देता येत नाहीत. जे मोजायला सांगितलं आहे ते मोजतो मी.’

‘मग ते काहून नाही सांगितलं मोजाले?’

त्यांनी चष्म्याची काच शर्टाला पुसली. ‘ते मला माहीत नाही,’ ते म्हणाले, आणि निदान हे खरं बोलले. पुढचं नाव पुकारलं गेलं.

व्हरांड्यातली हवा तोंडावर आली तशी मान चरचरायला लागली. आता आली ना, तिने मानेला म्हटलं, आता आली तू, आत काय झालं होतं तुला... आणि मग हात. हाताकडे तर तिला बघवेना. फितूर. ज्याच्यासाठी दोन वर्षं ओरडले, ज्याला पोरासारखं सांभाळलं, तो नेमका त्या खोलीत जाऊन माझ्याविरुद्ध साक्ष देऊन आला. तिने तो पदराखाली घेतला, आणि मग वाटलं, हे तरी काय, हा काय बोलला, जे येत होतं ते त्याने दाखवलं. फितूर कोण... तो डॉक्टर? तो हसला ते खोटं नव्हतं. मग ती स्वतः, तिची ती हौस, कुणी पोळीबद्दल विचारलं की पाघळायची? असेल. पण भाजलेल्या बाईला हौस असू नये, असं तरी कुठल्या नियमात लिहिलं आहे?

‘काहून दाखवलं वं तू?’ दारापाशी स्टुलावर बसलेली कांताबाई म्हणाली. कांताबाई इथली आया, नावं पुकारायची, फायली आणायची-न्यायची. दार अर्धं उघडं होतं, तिने सगळं पाहिलं होतं. ‘तुले कोणं सांगितलं होतं हात नाचवाले? इथं धडधाकट लोकं लंगडत येतात, अन् तू खरी असून उड्या मारून राहिली.’

‘त्याईनं विचारलं म्हणून दाखवलं.’

‘विचारतेच तो. चांगला माणूस आहे, सगळ्याईले विचारते.’ कांताबाईने इकडेतिकडे पाहिलं आणि तिला जवळ ओढलं, डाव्या हाताने, भाजला हात चुकवून. दोन वर्षांत इतक्या सहज कुणी चुकवला नव्हता. ‘ऐक. फेरतपासणीचा अर्ज टाक. अन् तवर हाताले काही करू नको. तेल नाही, मालिश नाही, कसरत नाही. आखडू दे. आपोआप आखडते तो, उन्हाळ्यात तर लवकरच. मग ये. मग कोणी पोळी कर म्हटलं तरी होणार नाही तुह्यानं. चार टक्क्याईचा तर सवाल आहे.’

ती हे मायेने सांगत होती. तिच्या चेहऱ्यावर दुसरं काही नव्हतंच. सरिताने मान हलवली, आणि व्हरांडा ओलांडून पायऱ्या उतरेपर्यंत तिच्या मनाने हिशोब मांडायला सुरुवातही केली होती – वसतिगृहाच्या अर्जाची तारीख पुढे ढकलतात बरेचदा, जितेंद्रला विचारावं लागेल, आणि हात आखडला तरी किल्ल्या डाव्या हातानेही धरता येतात, डाळ डाव्या हातानेही मोजता येते... आणि पायरीवरच ती थांबली. काय चाललं आहे हे? आपल्या हातानं आपला हात वाकडा करायचा, उन्हात वाळत घातलेल्या फडक्यासारखा आखडू द्यायचा, आणि मग तो घेऊन यायचं की बघा साहेब, आता जमला. आता तुमच्या चौकोनात मावतो. आणि हे सांगणारी बाई वाईट नाही, मोजणारा माणूस वाईट नाही, बाबूसुद्धा नुसतं बटण दाबतो. मग हे एवढं वाईट कोण करतं आहे? एकेकाला धरून विचारलं तर प्रत्येक जण चांगला निघतो आणि माझा हात मात्र मोडायचा तो मोडायचाच.

डॉक्टर म्हणाले, हात चालतो. आणि ते ऐकून माझं काळीज खचलं. हे तिला आत्ता, उन्हात, नीट कळलं. वॉर्डात पडले होते तेव्हा हे एक वाक्य ऐकायला मी काय वाटेल ते दिलं असतं. त्या वाक्यासाठी आम्ही दोघी दोन वर्षं पहाटे उठलो. आणि ते आज आलं, शिकल्यासवरल्या मोठ्या डॉक्टरच्या तोंडून आलं, आणि मला ते मयताच्या बातमीसारखं ऐकावं लागलं.

फाटकापाशी रुखमाबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी काही न विचारता पंचा आधी तिच्या मानेवर टाकला, मग दंडावर, आणि वरून हलक्या हाताने दाबला. पंचा कोमट झाला होता, तरी बरं वाटलं.

‘किती भेटले वं?’

‘छत्तीस.’

‘कितीपैकी?’

‘शंभरपैकी. चाळीस पाहिजे होते.’

‘मंग थोडक्यात गेले,’ रुखमाबाई म्हणाल्या, परीक्षेतल्या मार्कांबद्दल बोलावं तसं. ‘काय म्हणला डॉक्टर?’

‘हात चालते म्हणला.’

रुखमाबाईंचा चेहरा... सरिताने तिकडे पाहायला नको होतं. सत्तरी गाठलेला, सुरकुतलेला, प्रत्येक खिडकीवर संशयाने पाहिला गेलेला तो चेहरा एकदम उजळला. ‘असं म्हणला? हात चालते म्हणून? मोठा डॉक्टर?’ आणि सावलीत बसलेल्या कुठल्या तरी अनोळखी बाईकडे वळून, न राहवून, ‘माही सून आहे. एवढी भाजली होती, वाचते की नाही असं होतं. आज डॉक्टर म्हणला, हात चालते.’ त्या बाईने बरं झालं माय म्हणून मान हलवली. रुखमाबाई पुन्हा सरिताकडे वळल्या. ‘मंग ते कोठीची जागा?’

‘नाही भेटणार.’

‘काहून?’

‘हात चालते म्हणून.’

रुखमाबाईंना ते लगेच उमगलं नाही. त्या तशाच हसऱ्या तोंडाने उभ्या होत्या, पुढचं काही ऐकायच्या तयारीत. मग हसू हळूहळू निवलं, त्यांनी पंच्यावरचा हात काढून घेतला, आणि सरिताच्या त्या दंडाकडे, कोपराकडे, मनगटाकडे अशा बघत राहिल्या, जिथून जिथून रोज पहाटे त्यांचा अंगठा उतरायचा. अगदी लहान आवाजात, कुणी ऐकू नये असा आवाज काढून त्या म्हणाल्या:

‘मी जास्तच चोळला काय वं?’

सरिताला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. जाळलं असेल म्हणून आजवर ह्या बाईला फाटकापाशी बसवलं, आणि आता बरं केलं म्हणून ती अपराध्यासारखी उभी आहे... हे तिला विचारायला कुणी लावलं? कुठल्या चौकोनात भरणार हे? तिला वाटलं, आत जावं, रांग मोडून, दार ढकलून, त्या गारव्यात उभं राहून सांगावं की बाहेर या सगळे, एकेक जण, इथे फाटकापाशी या आणि या म्हातारीला तुम्ही तुमच्या तोंडाने उत्तर द्या, मी देणार नाही.

‘नाही,’ ती म्हणाली. ‘बरोबर चोळला तुम्ही. बरोबर चोळला.’ आवाज चढला होता. सावलीतली बाई बघायला लागली, फाटकावरचा शिपाईही. उद्या पहाटे हात पुढे करायचा की नाही, हे तिला माहीत नव्हतं. कांताबाईचं म्हणणं खोटं नव्हतं, जागा जात होती हेही खोटं नव्हतं. पण सकाळपासून स्वतःच्या हातावर, स्वतःच्या हौसेवर घुटमळत बसलेला राग आता तिथून उठला होता, आणि तो एवढा मोठा आहे हे तिला आजवर ठाऊकच नव्हतं. मान पोळत होती, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, रुखमाबाई रिक्षा बघू का म्हणून विचारत होत्या, आणि सरिता फाटकात त्या इमारतीकडे तोंड करून उभी होती. तिला घरी जायची घाई वाटेना.